कुमुदिनीच्या वहीतलं माप

एक विचारतो, खरं सांगा. विश्वास कुणावर ठेवावा? तोंडी सांगणाऱ्यावर, की लिहून ठेवणाऱ्यावर?

लिहून ठेवणाऱ्यावर, असंच म्हणणार तुम्ही. बसा, चहा येतोय. मीही चाळीस वर्षं हेच म्हणत आलो. बड़ा गणपतीजवळचं माझं हे अस्तर-दोऱ्याचं दुकान, अख्ख्या इंदौरात ठाऊक. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण या गल्ल्यामागे. आमच्या ओळखीत शेरवानी शिवणारे एक मास्तर होते. वही ठेवायचे नाहीत. "भिया, सब खोपडी में है," म्हणायचे. एका लग्नात धाकट्या भावाच्या मापाची शेरवानी नवरदेवाच्या अंगावर गेली. वरात निघायला तयार, बटणं काही लागेनात, आणि धाकटा म्हणतो, मला तर बरोबर बसते, मीच चढू का घोडीवर? तेव्हापासून मी प्रत्येक शिवणारीला सांगायचो, खोपडीवर भरोसा नको, वहीत लिहा.

कुमुदिनीला मात्र ते सांगावं लागलं नाही. तिच्याकडे वही होती. पार जुनी.

परदेशीपुऱ्यात दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. ब्लाउज असे शिवायची की अंगावर टाकला की बसलाच. फार वर्षांपूर्वी मशीनची सुई उजव्या तर्जनीतून आरपार गेली होती. त्या नखावर मधोमध उभी चीर राहिली ती राहिलीच. दोऱ्याची रिळं ती त्याच बोटानं चाचपून निवडायची. शिवण तिला शिकवलं द्वारकाबाईंनी. त्यांनी थकल्यावर मशीन दिली आणि सोबत लाल पुठ्ठ्याची ती मापाची वही. देताना म्हणाल्या होत्या, "माप अंगावरून घे, मगच लिही. खोडू नको, बदललं तर खाली नवं लिही. आणि शिवणारीनं आपलं स्वतःचं माप यात कधी लिहू नये."

"का हो बाई?"

"वही ऐकते गं," एवढंच म्हणाल्या, आणि बॉबिन भरायला लागल्या.

कुमुदिनीची एकुलती मुलगी अनुश्री. अनु. द्वारकाबाईंनी कोरं सोडलेलं वहीचं पहिलं पान तिचंच. दर दिवाळीला तिला मशीनजवळ उभी करायची, टेप टाकायचा, आकडा लिहायचा, फ्रॉक शिवायचा. आत चांगलं दोन बोटं मार्जिन सोडायचं, वाढत्या अंगाला. बाबा दारात उभे राहून ओरडायचे, "किती झाली आमची बांबू?" असं तेरा वर्षं चाललं.

मग करोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले. आणि त्या दिवाळीला आईनं टेप काढला तेव्हा अनु मागे सरकली.

"हात नको लावू ना आई."

"अगं, माप..."

"रेडीमेड घेईन मी. सगळ्या घेतात."

"बरं," कुमुदिनी म्हणाली, आणि टेप गुंडाळून ठेवला. भांडण झालं असतं तर बरं, असं अनुला नंतर वाटलं म्हणे. पण तेव्हा नाही वाटलं.

नंतर भांडणं पुष्कळ झाली. बाथरूमच्या कडीवरून, फोनवरून. पंधराव्या वर्षी राजवाड्याजवळ जाऊन अनुनं दोन्ही कानांत दुसरं छिद्र पाडून घेतलं, त्यावरून चार दिवस अबोला. यंदाच्या मे महिन्यात तर आईनं हातातला फोन हिसकावला, आणि दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर उभ्या. "तू मुझे जीने दे ना यार!" अनु ओरडली. आईला यार! त्याच दिवशी पुण्याच्या कॉलेजचं पत्र आलं होतं. हॉस्टेल मिळालं होतं. पंधरा जूनची गाडी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुमुदिनीनं पिवळा कुर्ता शिवून पुढे केला. "जाताना घाल."

"माप कुठे घेतलंस?"

"आहे माझ्याकडे."

"चार साल पुराना माप! आई, तू पण ना..." अनु हसत हसत आत गेली, फजिती दाखवायला म्हणून कुर्ता चढवला. आणि आरशासमोर उभी राहिली ती राहिलीच.

कुर्ता बसला होता. खांद्याला, छातीला, बाहीला. अगदी अंगावरच कापल्यासारखा.

"मोठा शिवला असशील," ती बाहेर येऊन म्हणाली. कुमुदिनीनं सुईखालचं कापड पुढे सरकवलं. मशीन चालू होती. खोलीत गरम इस्त्रीचा आणि मशीनच्या तेलाचा वास होता. लहानपणी तापात पडल्यावर उशाशी असायचा, तोच.

दुसऱ्या दिवशी जीन्स कमरेवरून घसरली. उन्हाळा आहे, खाणं कमी, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी चपला सैल. मैत्रीण शिवांगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "क्या रे, कुठलं डायट? बच्ची दिसतेयस." अनुला उलट बरं वाटलं. मुली आहेत, वजन कमी झालं म्हटलं की खूश.

पाचव्या दिवशी दुपारी बाहेर गरम लू चाललेली, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. अनु कानातलं घालायला आरशासमोर गेली. आरशात तिला स्वतःचे डोळे आणि कपाळ एवढंच दिसलं. आरसा कुणी वर टांगला? खिळा तर जुनाच. ती टाचा उंच करून उभी राहिली आणि कानातलं दुसऱ्या छिद्रात घालू लागली. जाईना. बोटानं चाचपलं. फोनचा टॉर्च लावून पाहिलं.

छिद्र नव्हतं. बुजल्याची खूणसुद्धा नव्हती. त्या जागी कानाची पाळी कोरी, लहान मुलीसारखी मऊ.

दुसरा कान पाहिला. तोही तसाच.

ती दाराकडे धावली. वरची कडी, जी ती रोज रागारागानं लावायची, तिच्यापर्यंत हातच पोचेना. चार बोटं कमी पडत होती...

"आई!"

मशीन थांबली. कुमुदिनी दारात आली, आणि लेकीकडे बघून तिच्या हातातली कात्री खाली पडली. पाच दिवस रोज समोर असलेली मुलगी तिनं बहुधा तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिली. अनु जेमतेम तिच्या नाकापर्यंत येत होती.

"आई, मला काय होतंय... डॉक्टरकडे चल..."

कुमुदिनी मशीनकडे वळून बघत होती. मशीनच्या खणाकडे. अनुनं ती नजर पकडली. खण ओढला, लाल वही काढली, पहिलं पान उघडलं.

वर्षावर्षाचे आकडे एकाखाली एक. शेवटची दिवाळी, बाबा होते ती: उंची चार फूट आठ, खांदा साडेबारा, छाती अठ्ठावीस. त्याखाली चार वर्षं काही नाही. आणि त्याखाली निळ्या शाईत याच जूनची तारीख. उंची चार फूट आठ. खांदा साडेबारा. छाती अठ्ठावीस.

"हे काय आहे?"

"तुझे बाबा होते तेव्हाचं माप आहे ते," कुमुदिनी म्हणाली. "तू जाणार म्हणून बसले होते गं वही घेऊन. अंगावरून घेऊ देत नाहीस, म्हणून तेच परत उतरवलं. लिहिताना बरं वाटलं... एवढंच. देवाशपथ, एवढंच."

"मग आता खरं लिही! आत्ता!"

कुमुदिनीनं टेप घेतला. चार वर्षांनी अनु त्या टेपपुढे उभी राहिली. उंची मोजली. चार फूट साडेआठ. पेन कागदावर टेकवला आणि तिथेच थांबवला.

"हे लिहिलं तर हेच राहशील तू."

"मग आधीचं लिही! आठवड्यापूर्वीचं!"

"किती होतं?"

अनुनं खुंटीवरच्या टॉपची पट्टी उलटून पाहिली.

"सांग ना बाळा... किती होतीस तू?"

भिया, मी चाळीस वर्षं धंदा केला, हजार गोष्टी ऐकल्या, पण ही ऐकून माझ्या हातातली रीळ निसटली. चार वर्षं एका घरात राहिलेल्या मायलेकी, आणि मुलगी केवढी झाली हे घरात कुणालाच ठाऊक नाही. रेडीमेडच्या पट्टीवर एम लिहिलेलं. एममध्ये अर्धं इंदौर मावतं. शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट होता, उंची नव्हती. जुने कपडे काढले तर ते ताणून ताणून सैल झालेले.

"मिठी मारलीस की तुझं कपाळ कुठे लागायचं मला?" कुमुदिनीनं विचारलं. मग तिलाच आठवलं की शेवटची मिठी बाबांना नेलं त्या दिवशीची.

संध्याकाळ होत आली. धुळीची वावटळ उठली, लाइट गेली. इन्व्हर्टर नव्हताच. मशीनवर मेणबत्ती लावून दोघी तशाच बसल्या. पंखा थांबला आणि घरात इतकी शांतता झाली की वहीचं पान आपोआप उलटलं तेही ऐकू आलं. कुमुदिनीनं ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"आई," अनु एकदम म्हणाली. आवाज पण बारीक झाला होता तिचा. "फोन हिसकावलास त्या दिवशी. स्वयंपाकघरात. मी तुझ्या समोर उभी होते ना?"

"हो."

"मान वर केली नव्हती मी. खाली पण नाही. सरळ तुझ्या डोळ्यांत बघून ओरडले होते."

कुमुदिनीनं डोळे मिटले. "डोळ्याला डोळा," ती म्हणाली. "खरंय. तेव्हा मनात आलं होतं माझ्या, ही माझ्याएवढी झाली."

"आणि फेअरवेलला तुझा काळा ब्लाउज न विचारता नेला होता. पिनसुद्धा लावली नव्हती."

"ढापलास म्हण. मी चार दिवस शोधत होते." त्याही वेळी दोघी हसल्या म्हणे. मेणबत्ती हलली, एवढ्या हसल्या.

माप सापडलं होतं. अनुनं स्टुलावर चढून, त्या एवढ्याशा हातांनी, टेप आईच्या अंगावर टाकला. उंची, खांदा, छाती, बाही. एकेक आकडा मोठ्यानं वाचला. चार वर्षं आईनं हात लावलेला खपला नव्हता, आणि आता तीच आईच्या घामेजल्या पाठीवर टेप सरळ करत होती.

कुमुदिनीनं पेन उचलला. मग थांबली.

"काय झालं?"

"द्वारकाबाई एक सांगायच्या..."

"काय?"

कुमुदिनीनं लेकीकडे पाहिलं. पिवळ्या कुर्त्यातल्या त्या एवढ्याशा जिवाकडे, आणि कोपऱ्यात उघड्या पडलेल्या पुण्याच्या बॅगेकडे.

"काही नाही गं," ती म्हणाली, आणि आपले आकडे लेकीच्या पानावर लिहून टाकले. उंची पाच फूट दोन. खांदा चौदा. पेन जोरात दाबून.

सकाळी अनुला जाग आली तेव्हा पाय पलंगाबाहेर आलेले. उठून धावत जाऊन वरची कडी लावली, काढली, परत लावली. पोचत होता हात! आरशात सगळा चेहरा, मान, खांदे. कानाला दुसरं छिद्र नव्हतं, न का असेना. पुढच्या खोलीत मशीनची टकटक चालू. "आई!" म्हणत ती धावली, आईच्या गळ्यात हात टाकला, चार वर्षांनी. आईच्या खांद्यावरून तिचा उजवा हात मशीनवर सुकलेल्या मेणाच्या थेंबांवर आला.

तर्जनीच्या नखावर मधोमध उभी चीर होती.

अनुनं बोट चोळलं. जाईना. जुनी चीर, वर्षानुवर्षांची. तिनं हळूच आईच्या हाताकडे पाहिलं. सुईखाली कापड सरकवणारी ती तर्जनी स्वच्छ होती, गुळगुळीत, नुकत्याच मोठ्या झालेल्या मुलीची असावी तशी. आणि कापडावरची शिलाई वाकडीतिकडी चालली होती...

मशीन थांबली. आईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, एखादा अनोळखी माणूस दारात आल्यासारखं. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. पाळीवर आता दोन छिद्रं होती.

पंधरा तारखेला स्टेशनवर काय झालं, ते जिनं मला हे सांगितलं तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तोवर बदलायचं ते सगळं बदलून झालं होतं. तिकीट एकच होतं, भाऊ."

कुमुदिनीच म्हणतो मी तिला. गेल्या आठवड्यात, भर दुपारी, तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसून सांगून गेली. साडी तीच, चष्मा तोच, चेहरा तोच. रिळं चिरलेल्या नखानं चाचपून निवडली. मी ऐकत होतो आणि मनात एक खडा टोचत होता: ही आई सांगते आहे, तर कडीला पोरीचा हात पोचला नाही तेव्हा, आरशात फक्त डोळे आणि कपाळ दिसलं तेव्हा तिला कसं वाटलं, हे हिला कसं ठाऊक?

विचारणारच होतो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुण्याहून. पडद्यावर अनुचा फोटो, पिवळ्या कुर्त्यातला. तिनं उचलला, माझ्याकडे पाठ केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"हां आई... जेवलीस का? मेसमध्ये कुणी ओळखलं तर नाही ना?"

चहा थंड झाला तुमचा. घ्या, दुसरा मागवतो. पण एवढं ऐका माझं. तुमच्या घरीही दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा असतील. आज घरी गेलात की पोराला उभं करा, तो नाही म्हणाला तरी विनवून उभं करा, आणि असेल तिथेच रेघ मारा. बोटभर खाली नको, बोटभर वर नको. हिशेब खरा ठेवा.