धूळ बसायला लागणारा वेळ

अरुण वसाहतीच्या वायुशाळेत मंगळवारी सकाळी ऋजुता घैसास एकच आलेख तिसऱ्यांदा तपासत होती. चंद्राच्या मातीखाली सात मीटर खोल बांधलेल्या दोनशे बारा घरांची हवा शुद्ध ठेवणं हे वायुशाळेचं काम. त्यातल्या दोनशे अकरा घरांतून काहीच तक्रार नव्हती. उरलेलं एक घर तिचं स्वतःचं होतं.

तक्रार तिच्या नवऱ्याची होती. रणजित चौगुले खाणीपासून वसाहतीपर्यंत चांद्रगाडी चालवायचा, रात्रपाळीला. रात्रपाळी लागल्यापासून, म्हणजे गेले सहा आठवडे, तो सकाळी घरी येऊन झोपला की दुपारी लालभडक, चिकटलेल्या डोळ्यांनी उठत होता. "कुणीतरी तिखट भुरभुरलंय बघ डोळ्यांत," असं म्हणत तो डोळे चोळायचा आणि ऋजुता ओरडायची, "चोळू नकोस!" पाळीवर गेला की चार-पाच तासांत डोळे निवळायचे. म्हणजे जे काही होतं ते घरातच होतं.

शुक्रवारी चालकांची नेत्रतपासणी होती. डोळे सुजलेले दिसले की परवाना जाणार. बिनकामाच्या माणसाला हवा-पाणी पुरवणं वसाहतीला परवडत नसे, त्यामुळे परवाना गेलेला माणूस पुढच्या यानानं पृथ्वीवर परत. ऋजुताच्या कराराचे अजून एकोणीस महिने बाकी होते.

पहिला संशय चांद्रधुळीवर गेला होता. घरातल्या वायुगाळणीच्या तोंडाशी कणमापक असतो. त्याच्या नोंदीत रोज सकाळी सातपन्नासनंतर, म्हणजे रणजित दारातून आत आला की, धुळीचा उंच सुळका दिसायचा. धूळ तोच अंगावर घेऊन येतो हे उघड होतं. पण नेत्रतज्ज्ञ डॉक्टर नसरीन मुकादम यांनी त्याच्या अश्रूंची चाचणी केली, तेव्हा चांद्रधुळीचा एक कणही सापडला नाही. सापडली ती धूळकिड्यांविरुद्धची प्रतिपिंडं. धूळकिडे डोळ्यांना दिसत नाहीत. ते गाद्या-पांघरुणांत राहतात, माणसाच्या त्वचेचा कोंडा खातात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची पूड डोळ्यांत गेली की खाज सुटते. माणसांबरोबर तेही चंद्रावर येऊन पोहोचले होते.

मग दुसरा संशय वाकळीवर. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून केलेली ती जाड वाकळ रणजितच्या आत्यानं शिवली होती. आत्यानंच त्याला वाढवलं. ती गेली त्याला तीन वर्षं झाली होती. चंद्रावर येताना प्रत्येकाला चार किलो खासगी सामान आणता येतं. रणजितनं त्यातलं सव्वातीन किलो वाकळीत घालवलं होतं.

"ही वाकळ म्हणजे धूळकिड्यांची चाळ आहे," ऋजुता म्हणाली होती. "भट्टीत दे."

"आत्या वर्षातून दोनदा उन्हात टाकायची. तिच्या हयातीत कुणाचे डोळे आले नाहीत."

"इथे घरात ऊन कुठून आणू, रणजित? शुक्रवार जवळ आलाय."

त्या संध्याकाळी तो पाळीवर जाताना वाकळ बगलेत मारून घेऊन गेला. त्याला आज आठ दिवस झाले होते. ऋजुतानं गादीवर वसाहतीची नवी चादर घातली, साफसफाई दुप्पट केली, आणि रणजितचे डोळे आणखी बिघडले.

म्हणून आज सकाळी तिनं एक सुटा कणमापक थेट उशीवर ठेवला होता. त्याचा आलेख आता तिच्यासमोर होता. सुळका होता. पण तो आठ वाजून सात मिनिटांनी आला होता, आणि आज रणजितच्या गाडीचं चाक खाणीतच मोडल्यामुळे तो अजून घरी आलाच नव्हता.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?" डॉक्टर मुकादम दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती. दवाखाना त्याच बोगद्यात, चार दारं पलीकडे होता.

"डॉक्टर, बसा. मला हे सांगा, रिकाम्या घरात धूळ उडवतंय कोण?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून आलेख पाहिला. "तुम्ही घरातून कधी निघता?"

"सातला."

"निघण्याआधी काय करता?"

"नेहमीचंच. आंघोळ, चहा, अंथरूण..."

"अंथरुणाचं काय?"

"झटकते. रात्रभर गाडी हाकून दमून येतो तो. गादी थापटते, चादर झटकून ताणून घालते. आमच्याकडे झोपून उठलेल्या अंथरुणावर तसंच दुसऱ्याला झोपायला सांगत नाहीत."

"आमच्या दापोलीतही नाही सांगत. पण अम्मी बजावायची, झटकून झालं की खोलीचं दार ओढून बाहेर या, धूळ बसू दे. किती वेळ लागतो हो धूळ बसायला?"

ऋजुतानं पुन्हा आलेखाकडे पाहिलं. मग तिनं कागद ओढला.

"एका मिलिमीटरचा शंभरावा भाग, एवढा कण घ्या," ती म्हणाली. "त्याचं वजन त्याला खाली ओढतं, हवा त्याला अडवते. दोन्ही ओढींचा मेळ बसला की तो ठरावीक वेगानं सावकाश उतरत राहतो. पृथ्वीवर सेकंदाला तीन मिलिमीटर. छतापासून उशीपर्यंत दोन मीटर धरले, तर अकरा मिनिटं."

"आणि इथे?"

"इथली हवा पृथ्वीवरच्या हवेसारखीच आहे, आपणच भरलेली. ती तेवढीच अडवते. पण वजन सहावा हिस्सा. म्हणजे वेग सहावा हिस्सा." तिनं आकडेमोड पुरी केली. "सदुसष्ट मिनिटं."

"सातात सदुसष्ट मिनिटं मिळवा."

"आठ वाजून सात."

ऋजुतानं आकड्याखाली रेघ ओढली. मग डॉक्टरांनी विचारलं, "चादर किती उंच उडते तुमची?"

"इथे हलकीच लागते ती. छताला जाऊन लागते." ऋजुतानं पेन्सिल खाली ठेवली. "मी सातला झटकते आणि निघून जाते. तो आठला आडवा होतो, डोळे उशीच्या उंचीवर. सकाळी मी वर उडवलेलं सगळं तेव्हा तिथे पोहोचतं. रात्री मी त्याच गादीवर झोपते, पण तोवर सगळं बसलेलं असतं."

"थांबा. तासभर तुमची ती नावाजलेली गाळणी काय करत असते?"

"झोपलेली असते. घरात माणूस नसला की पंखा जवळजवळ थांबतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढला की माणूस आला असं समजून जोरात सुरू होतो. वीज वाचावी म्हणून मीच तसं बसवलंय." ती बोलता बोलता थबकली. "म्हणजे गाळणीच्या तोंडाशी असलेल्या कणमापकाला धूळ दिसायची ती रणजित आल्यावरच. मी म्हणत होते, धूळ हा घेऊन येतो. तो बिचारा फक्त पंखा सुरू करत होता."

"आणि वाकळ गेल्यापासून डोळे जास्त बिघडले ते?"

"तेव्हापासून मी तीन-तीनदा झटकतेय."

डॉक्टरांनी थेंबांची बाटली तिच्यासमोर ठेवली. "दिवसातून चार वेळा. आजपासून धूळ थांबली, तर शुक्रवारपर्यंत डोळे निवळतील असं मला वाटतं. खात्री देत नाही." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "दोनशे बारा घरं आहेत ना तुमच्याकडे? तुम्ही सोडून आणखी कोणकोण अंथरूण झटकतं, त्याची चौकशी करा. माझ्याकडे लाल डोळ्यांचे आणखी नऊजण आहेत. तुमच्याकडे तक्रार करायची सोडून ते कामगार खात्याकडे करताहेत, रात्रपाळीची."

दुपारी रणजित घरी आला तेव्हा ऋजुता पलंगासमोर खुर्चीवर बसली होती. पंखा पूर्ण वेगानं सुरू होता आणि गादीवर ओल्या फडक्यानं पुसलेलं प्लास्टिकचं आच्छादन होतं. तिनं त्याला सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

"म्हणजे तू मला साफसफाई करून मारत होतीस," तो बूट काढत म्हणाला.

"चेष्टा करू नकोस. वाकळ उगाचच जाळायला लावली मी. तिला हात लावला नसता, तर तिच्यातली धूळ तिच्यातच राहिली असती."

रणजित बुटाच्या पट्ट्याशी बराच वेळ खटपट करत राहिला.

"रणजित?"

"जाळली नाही मी."

"काय?"

"भट्टीपर्यंत गेलो होतो. मग म्हटलं, आत्या उन्हात टाकायची, आणि इथलं ऊन चौदा दिवस मावळत नाही. वाया कशाला घालवायचं? चार नंबरच्या दारापाशी गाड्या लावायचा उंच ओटा आहे ना, त्याच्या कठड्याला बांधून ठेवलीय. आठ दिवस झाले."

ऋजुता त्याच्याकडे पाहतच राहिली. "बाहेर? निर्वातात?"

"चिडलीस?"

"धूळकिडे पाणी पीत नाहीत, रणजित. हवेतली वाफ शोषून जगतात. बाहेर हवाच नाही. वरून शंभर अंशांच्या पुढचं ऊन. पहिल्या दिवशीच सगळे वाळून मेले असतील." ती हसायला लागली, मग थांबली. "विष्ठेची पूड मात्र आहे तशीच असणार. ती झटकूनच काढावी लागेल."

"झटकायचं नाही म्हणालीस ना?"

"घरात नाही म्हणाले."

शुक्रवारी डॉक्टर मुकादमांनी त्याच्या डोळ्यांत दिवा मारला, पापण्या उलटून पाहिल्या, आणि अहवालात लिहिलं: उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात किंचित लाली, सूज नाही, परवाना कायम.

शनिवारी सकाळी उठल्यावर ऋजुताचा हात सवयीनं चादरीच्या टोकाकडे गेला. टोक वर उचललंही गेलं. तिनं ते सावकाश खाली आणलं, चादर आतल्या आत गुंडाळली आणि पिशवीत कोंबून दाराशी ठेवली. संध्याकाळी पाळीवर जाताना रणजितनं ती उचलली.

आठ वाजता ती वायुशाळेतल्या पडद्यासमोर उभी होती. पडद्यावर चार नंबरचं दार, ओटा आणि अंतराळपोशाखातला रणजित. त्यानं आधी चादर झटकून कठड्यावर टाकली, मग वाकळ सोडली. लुगड्यांचा हिरवा रंग उन्हानं पार उडाला होता. काठाची तांबडी रेघ तेवढी ओळखू येत होती.

"बघतेयस ना?" त्याचा आवाज आला.

"झटक."

त्यानं दोन्ही हातांनी वाकळ उचलून जोरात झटकली. ऋजुता सवयीनं धुळीचा लोट कुठे उठतो ते शोधत होती. उठला नाही. धूळ तरंगायला तिथे हवाच नव्हती. करडी पूड वाळूसारखी सरळ खाली पडली, त्याच्या बुटांपाशी, आणि तिथेच राहिली.

तिनं वेळ मोजला होता. सव्वा सेकंद.

"आणखी एकदा," ती म्हणाली.