कोरडा कागद

दुकानात त्यांना सगळे परीक्षक म्हणत. नाव पडलं होतं थट्टेतून, पण बावीस वर्षांत थट्टा विरून गेली आणि नाव तेवढं उरलं. तंबू, सॅक, दोर, कंदील असलं भटकंतीचं सामान विकणारं ते दुकान, आणि मालकीणबाईंच्या वडिलांनी घालून दिलेली एक पद्धत तिथे अजून पाळली जाई. विकायचा तंबू आधी मागच्या अंगणात उभा करायचा, आत वर्तमानपत्र अंथरायचं आणि वरून अर्धा तास पाइपाने पाणी मारायचं. कागद कोरडा निघाला की त्याच्या कडेला सही करून, घडी घालून, तो तंबूच्याच पिशवीत ठेवायचा. गिऱ्हाइकं तंबूपेक्षा त्या कागदावर खूश असत. सही परीक्षकांची असे, आणि त्या सहीचा त्यांना, खरं सांगायचं तर, थोडा माज होता.

त्या शनिवारी दुपारी चार वाजता एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. बाई प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करायच्या. हाताला अजून स्पिरिटचा वास होता. त्यांना दोघींपुरता तंबू हवा होता, स्वस्त, आणि पाऊसवाऱ्याला दाद न देणारा. आता या दोन गोष्टी सहसा एका घरात नांदत नाहीत, पण परीक्षकांना असली गिऱ्हाइकं नवी नव्हती. त्यांनी तीन तंबू काढून दाखवले. पहिला उत्तम होता, पण किंमत ऐकून बाईंनी हात मागे घेतला. दुसरा फार जड. तिसऱ्याचं कापड चांगलं, काड्या मजबूत, तळ कडेने वीतभर वर उचललेला, म्हणजे खालून पाणी शिरायची भीती नाही. खोट एकच होती. छपराच्या दोन शिवणी, एक या बाजूची, एक त्या बाजूची, कारखान्यातून उघड्याच येत. दुकानात त्यांना ब्रशने लेप द्यायचा आणि रात्रभर वाळवायचं, की मग तो तंबू महागड्यांच्या पंक्तीत बसे. या तंबूला अजून लेप दिलेला नव्हता.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच निघणार होत्या. डोंगरावर, दोन दिवस. मुलगी तीन महिने न्यूमोनियाने आजारी होती, आत्ता कुठे सावरली होती. डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं होतं, फक्त भिजू देऊ नका म्हणून बजावलं होतं. हे सगळं बाईंनी न विचारता सांगितलं. मुलगी तेवढ्यात तंबूत शिरून आतून कापडावर बोटं वाजवत होती.

दुसरा एखादा लेप दिलेला तंबू काढणं परीक्षकांना अशक्य नव्हतं. माळ्यावर एक होता. पण तो तपासायला पाइप सोडावा लागला असता, आणि पाइप गुंडाळून खिळ्याला लावून झाला होता. शनिवारी ते साडेचारला निघत. एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही असतं तर पुढे त्यांना स्वतःशी भांडता तरी आलं असतं.

ते तंबू आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र घेऊन अंगणात गेले, नळाशी दहा मिनिटं नुसतेच उभे राहिले, कागदावर सही केली आणि परत आले.

बाईंनी सही नीट निरखून पाहिली. "आमच्याकडेही सगळं सहीवरच चालतं," त्या म्हणाल्या. मुलीने कागद शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा जपून पिशवीत सरकवला.

रविवारी दुपारी परीक्षक घरी चहा पीत बसले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. तीनच्या सुमाराला त्यांचा उजवा तळवा ओला झाला. कप गळतो आहे असं वाटून त्यांनी कप बदलला. हात पुसला, तो पुन्हा ओला. घाम म्हणावा तर पाणी गार होतं. बोटांच्या बेचक्यांतून थेंब जमत, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत आणि तिथून फरशीवर पडत. हाताला ओल्या गवताचा आणि नव्या कापडाचा वास येत होता.

"अहो, नळ नीट बंद केलात का?" बायकोने आतून विचारलं. तिने फरशी पुसली, परत पुसली, आणि मग टॉवेल त्यांच्या मांडीवर टाकून ती निघून गेली. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. दंड तर असा भरून आला, जणू कुणी तो तासन् तास वर धरून ठेवायला लावला होता. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पाणी थांबलं. वर्तमानपत्रात बातमी होती की डोंगरपट्ट्यात रविवारी दुपारी तीनपासून धो धो पाऊस लागला होता आणि रात्री उशिरापर्यंत थांबला नव्हता.

परीक्षकांनी बातमी वाचली आणि पेपर उलटा करून ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. हाताचं काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण कशामुळे झालं ते पुरतं कळलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की दाढी करताना त्यांनी आरशात फक्त हनुवटीकडे पाहिलं.

पुढचे चार दिवस ते प्रत्येक तंबूवर तासभर पाणी मारत राहिले. परीक्षक आता तंबूला पोहायला शिकवणार, असं दुकानातले लोक म्हणू लागले. दोनदा ते प्रयोगशाळेच्या रस्त्यापर्यंत गेले. मुलगी कशी आहे एवढंच विचारायचं होतं. दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशी थांबले, नको असलेल्या खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि मागे फिरले.

शुक्रवारी दुपारी बाई स्वतःच आल्या. एकट्याच.

परीक्षकांनी हातातली दोरी खाली ठेवली. "मुलगी?" त्यांनी विचारलं.

"ठणठणीत आहे. एक थेंब लागला नाही तिला."

परीक्षकांना स्टुलावर बसावंच लागलं. बाई हसल्या. म्हणाल्या, उपकार तुमचे. एवढ्या पावसात आलात, वाऱ्याकडच्या शिवणीला पहाटेपर्यंत उजवा हात लावून बसलात. मुलगी सारखी सांगत होती, काका, हात खाली घ्या, दुखेल. तर तुम्ही काही ऐकेनात.

परीक्षक हसायला गेले. हसू आलं नाही.

"मी घरीच होतो," ते म्हणाले.

बाईंनी वाद घातला नाही. जे डोळ्यांनी पाहिलं त्यावर वाद घालायची त्यांना सवय नसावी.

गल्ल्यावर मालकीणबाई बसल्या होत्या. दोन गिऱ्हाइकं सॅक पाहत होती. परीक्षकांना हे सगळं दिसत होतं, आणि तरीही ते बोलले, कारण पाच दिवस न बोलून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

"बाई, मी तो तंबू तपासला नव्हता. शिवणींना लेप नव्हता. पाइप गुंडाळून झाला होता, म्हणून नुसतीच सही केली."

मालकीणबाईंनी मान वर केली.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तिथे तुम्ही तेच तर सांगत होता. सारखं. पाइपाचंसुद्धा."

परीक्षकांच्या कानशिलांत रक्त चढलं. तंबू परत आणा, ते म्हणाले. दुसरा देतो, चांगल्यातला, तुमच्यासमोर पाणी मारून. पैसे नकोत.

"तंबू नाही माझ्याकडे. मुलगी सकाळीच घेऊन गेली, शाळेच्या शिबिराला. आठ दिवस." बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "मी हा तेवढा द्यायला आले. माणूस स्वतः येतो म्हटल्यावर सहीचा कागद ठेवून काय करू?"

त्यांनी कागद परीक्षकांच्या हातात दिला आणि त्या गेल्या. दारातून ऊन आत आलं होतं. रस्ता कोरडा ठणठणीत होता.

मालकीणबाईंनी हाक मारली. आवाज चढवला नाही, त्याचीच लाज जास्त वाटली. "परीक्षक, बघू तो कागद."

परीक्षकांनी कागद दोन्ही हातांनी धरून पुढे केला. बावीस वर्षं ते असाच देत आले होते.

मालकीणबाई कागदाकडे पाहत राहिल्या.

"हा ओला कसा?"

मधोमध कागद कोरडा होता, पापडासारखा. ओल्या होत्या त्या दोन्ही कडा. डावीकडची सही पसरत चालली होती.

परीक्षकांनी कागद गल्ल्यावर ठेवला. मग सगळ्यांदेखत दोन्ही हात डोक्यावर उचलून धरले. पाणी मनगटांवरून खाली आलं आणि दोन्ही बाह्यांत शिरलं.

गिऱ्हाइकं सॅक ठेवून त्यांच्याकडे बघू लागली. मालकीणबाईंनी काहीतरी विचारलं. ते त्यांना नीट ऐकू आलं नाही, कारण डोक्यावर कापडावर पाऊस वाजत होता.

आणि कानाशी, अगदी जवळून, कुणीतरी हळूच म्हणालं, "काका, आज दोन्ही?"