मी न केलेला फोन

हे माझ्याच बाबतीत घडलंय. ऐकीव नाही, आणि कुणाच्या मित्राच्या मित्राचं तर मुळीच नाही.

रात्रही नव्हती. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. हॉस्पिटलचा चौथा मजला.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. अर्ध्या मिलिमीटरची चूक मला खपत नाही. तेव्हा वेळा मी नीट सांगतोय, एवढं धरून चाला.

बाबा सोळा दिवस आयसीयूत होते. मेंदूत रक्तस्राव झाला होता. श्वास मशीन देत होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी शिकवली. सुरुवातीला त्यांचा उजवा पाय मधूनच हलायचा. ताई म्हणायची, बघ, ब्रेक मारतायत. आम्ही हसायचो.

मग पाय हलायचा थांबला. आमचं हसणंही.

त्या दुपारी डॉक्टरबाईंनी आम्हा भावंडांना समोर बसवलं. सुधारणेची आशा नाही, दुसऱ्या डॉक्टरांचंही तेच मत आहे, मशीन काढायचं का ते घरच्यांनी ठरवा, म्हणाल्या. ताईने डोळे पुसत मान हलवली. मीही हलवली.

"आईंना विचारलंत?"

आई घरी होती. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नव्हता. रोज सकाळी मला एकच सांगायची, त्यांना घेऊनच ये. तिला हे कसं विचारणार? माझी जीभच रेटेना.

फोन घेऊन मी लिफ्टपाशी गेलो. कानाला लावला...

पण नंबर लावलाच नाही.

कुणी पाहिलं तर बोलतोय असं वाटावं, म्हणून नुसते ओठ हलवले. सांगायलाही लाज वाटते.

तेवढ्यात...

त्या फोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला.

एक. मग थांबून दुसरा. आत मशीन देत होतं, तसाच मोजून मापून.

झटकन फोन खाली घेतला. स्क्रीन काळी. अंगावर सर्रकन काटा आला. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, भासच असणार, अशी मनाची समजूत घातली. आत जाऊन सांगितलं, "आई हो म्हणाली."

पावणेचारला नळी काढली. मशीन बंद झालं. चार वाजून सहा मिनिटांनी बाबा गेले.

ताई कागदपत्रांसाठी थांबली. आईला सांगायला मी एकटाच घरी आलो. तिला न विचारताच सगळं उरकलं होतं.

दार उघडंच होतं. आई खुर्चीत बसलेली. फोन मांडीवर.

"गेले ना?"

तुला कुणी सांगितलं, मी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? मघाशी तूच फोन करून विचारलंस की."



तिचा फोन हातात घेतला. माझं नाव. तीन पंधरा. चार मिनिटं.

माझा फोन काढला. सकाळपासून आईला एकही कॉल केलेला नव्हता...

आई सांगतच होती. आवाज तुझाच, पण एकदाही आई म्हणाला नाहीस, सारखं अगं, अगं. दमलो म्हणालास, आता सोडव म्हणालास. मला वाटलं, बाबांच्या वतीने बोलतोयस. मी हो म्हटलं.

मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"शेवटी म्हणालास, त्याला रागावू नकोस, तुला विचारायचा त्याला धीर झाला नाही. कोण रे तो?"

दोन वर्षं ती विचारत राहिली. दोन वर्षं मी विषय बदलत राहिलो.

गेल्या रविवारी ठरवलं, आज सांगून टाकायचंच. सकाळी तिच्यासमोर बसलो. तोंड उघडणार, इतक्यात...

तिचा फोन वाजला.

स्क्रीनवर माझं नाव होतं.

माझा फोन आदल्या दिवशी दुकानात राहिला होता. दुकानाला कुलूप, चावी माझ्या खिशात.

आईने माझ्याकडे बघतच फोन कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि ठेवून दिला.

तेव्हापासून तिने मला विचारणं सोडलंय. मी मात्र तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.