समुद्राकडच्या खिडकीतला कंदील

फोन उलटे ठेवा सगळ्यांनी. जय, तुझं ते घड्याळसुद्धा खिशात टाक. हात हलला की उजळतं आणि मला वाटतं कुणी टॉर्च मारतंय. अनया, शेकोटीत एक लाकूड सार बघू. हं. आता या चंद्रशेखरकाकाचं ऐका. सिनेमात असतं तसं यात कुणी किंचाळत नाही, दारं आपटत नाहीत. जिच्या बाबतीत घडलं ती रुचा जर्सी सिटीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, आणि तिनं हे मला माझ्या किचनमध्ये बसून सांगितलं. समोरचा चहा तसाच गार झाला तिचा.

दोन हजार चोवीसची दिवाळी. पाडवा शनिवारी आला होता, दोन नोव्हेंबरला, आणि रविवारी भाऊबीज. मधली शनिवारची रात्र नेमकी तीच, जेव्हा आपल्या इथली घड्याळं एक तास मागे जातात. हे लक्षात ठेवा. त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो.

रुचा निघाली होती एका साध्या कामाला. वर उत्तरेला मेन राज्याच्या किनाऱ्यावर न्यू स्केरव्हिक नावाचं गाव आहे. गाव म्हणजे काय, एक चर्च, एक धक्का, लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांचे ढीग आणि मूठभर घरं. स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला स्केरव्हिक म्हणून एक आडबाजूचं बंदर होतं. तिथले मच्छीमार पणज्या-खापरपणज्यांच्या काळात बोटीनं इकडे आले आणि नव्या गावाला जुन्याचंच नाव देऊन मोकळे झाले. आपण नाही का, इथे येऊन घरांना सह्याद्री नाव देतो. त्या गावात एका जुन्या घरातच छोटंसं म्युझियम आहे. रुचाच्या कंपनीकडे त्यांच्या वेबसाइटचं काम आलं होतं, आणि जुने फोटो तिथे जाऊन स्कॅन करायचे होते. कधीही करता आलं असतं. पण तिनं मुद्दाम हाच वीकेंड धरला.

"अगं, पाडव्याला कोण काम करतं? डिनर कॅन्सल करू का?" तिचा नवरा सिद्धेश म्हणाला.

"तुझं ऑफिसचं रिलीज आहे ना? ते कर तू. मी ड्राइव्ह करत जाते. मला जरा एकटं राहायचंय यार."

त्याला कारण माहीत होतं.

रुचाला एकच भाऊ, सुशांत. धाकटा, मर्चंट नेव्हीत, आणि वात्रट नंबर एक. सात वर्षांपूर्वी त्याचं जहाज नेवार्कच्या बंदराला लागलं होतं, आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी सुट्टी मिळवून तो बहिणीकडे टपकला. तिनं घाईघाईनं पाट मांडला. डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून हा पठ्ठ्या डोक्यावर पालथा हात ठेवून बसला. ओवाळून झाल्यावर ताटात काही घालायचं सोडून उलट ताटातली सुपारीच उचलली आणि खिशात टाकली. म्हणाला, "परत आलो की देतो. तोवर दुसऱ्या कुणाला ओवाळायचं नाही."

दारात तिनं त्याला सांगितलं, "ये." आपल्यात निघालेल्या माणसाला जा म्हणत नाहीत, ये म्हणतात. लहानपणापासून आईनं दोघांना तेच शिकवलेलं.

तो आला नाही. भर अटलांटिकमध्ये जहाज वादळात सापडलं, सकाळी हजेरी घेतली, तर सुशांत नव्हता. देह मिळाला नाही. रुचानं त्याच्यामागे काहीही करू दिलं नाही. देह नाही ना मिळाला, मग कशाचे दिवस घालता, असं म्हणायची. दर भाऊबीजेला पाट मांडायची, रांगोळी काढायची, ताट तयार करायची आणि रिकाम्या पाटासमोर बसून राहायची. ज्या बाईला भाऊ नसतो ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते, माहितेय ना तुम्हाला? नाही? बरं, आता कळलं. तर रुचानं चंद्राला कधी ओवाळलं नाही. चंद्राला ओवाळायचं म्हणजे भाऊ नाही हे आपल्याच हातानं कबूल करायचं.

आणि त्या वर्षी रत्नागिरीहून आईचा, शैलजाताईंचा, फोन आला. त्या म्हणाल्या, "रुचा, यंदा चंद्राला ओवाळ बाळा. त्याचं काय ते करून टाकू आपण. मी दमले गं वाट बघून."

रुचानं फोन कट केला. आईचा फोन. आयुष्यात पहिल्यांदा. मग गाडीत स्कॅनर टाकला, पाट टाकला, ताट टाकलं, आणि आकाशकंदील घेतला. बांबूच्या कामट्यांचा, घडी होणारा. सांगाडा सुशांतनं शाळेत असताना केलेला. केशरी कागद ती दरवर्षी नवा लावायची.

म्युझियम सांभाळते इसोबेल नावाची म्हातारी. ऐंशीच्या पुढची, पण ताठ. घरही मूळ तिच्याच घराण्याचं. शनिवारी दिवसभर दोघींनी फोटो स्कॅन केले. त्यात एक फोटो होता जुन्या स्केरव्हिकचा. धक्क्यावर बायका उभ्या, सगळ्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. दिवसभर हेरिंग मासे चिरायचे, मीठ लावून पिंपांत भरायचे. बोटं कापू नयेत म्हणून चिंध्या. त्यांच्यामागे घरांची रांग. सगळ्या खिडक्या काळ्या. एक सोडून.

"ही एकच खिडकी पांढरी का?" रुचानं विचारलं. अर्थात इंग्रजीत. मी आपल्या भाषेत सांगतोय.

इसोबेलनं चष्मा काढला. "तिथे दिवा आहे. माझ्या पणजीच्या आईचा, मार्गारेटचा." मग तिनं सांगितलं. त्या गावात बोट बुडाली आणि माणूस मिळाला नाही, तर समुद्राकडच्या खिडकीत वर्षभर दिवा ठेवायचे. वर्ष झालं की सगळ्यात जवळच्या माणसानं गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि आपल्या हातानं तो दिवा मालवायचा. एका वादळात गावातले बहुतेक पुरुष एका रात्रीत गेले. वर्ष झालं. सगळ्या बायकांनी दिवे मालवले. मार्गारेटनं नाही मालवला.

"मग?"

"दिवा जळत असेपर्यंत बुडालेला माणूस त्याच्या रोखानं चालत राहतो. त्याला पोचता येत नाही, आणि परतही जाता येत नाही. मार्गारेट इथे येताना दिवाही घेऊन आली. ती होती तोवर या घराचा जिना रोज सकाळी ओला असायचा." इसोबेलनं वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. "ती गेल्यावर तिच्या मुलीनं समुद्राकडच्या खिडकीची झडप लावून टाकली. तुला आज वरच झोपावं लागेल, गावातलं लॉज सीझन संपल्यावर बंद असतं. झडप तेवढी उघडू नकोस."

"बट काका, मग तिनं उघडली?" असं विचारतेस होय, अनया? तुला काय वाटतं?

उघडली. आणि चुकून नाही, विसरून नाही. इसोबेल आपल्या घरी निघून गेल्यापासून रुचाच्या मनात एकच घोळत होतं. दिवा बघून येतात ना? मग येऊ दे.

गंजलेली कडी तिनं चमच्यानं उचकटली. झडप उघडली. बाहेर काहीच दिसत नव्हतं, अमावास्येला एकच दिवस झालेला. नुसता समुद्राचा आवाज. तिनं खिडकीच्या चौकटीला कंदील टांगला, आत बॅटरीचा दिवा लावला. खाली रांगोळी काढली, तिच्यावर पाट मांडला, शेजारी ताट ठेवलं. निरांजन, कुंकू, अक्षता, अंगठी, सुपारी. आणि अंथरुणात पडून राहिली.

जाग आली तेव्हा फोनवर एक चाळीस झाले होते. काही नव्हतं. कंदील हलत होता. ती पुन्हा झोपली.

पुन्हा जाग आली. बराच वेळ झोपल्यासारखं वाटत होतं. फोन पाहिला. एक चाळीस.

तिला घड्याळांचं आठवलं. तेवढ्यात जिना वाजला.

एक पायरी. मग काही नाही... मग एक पायरी. ओल्या पायाची. दमलेलं माणूस कठड्याला धरून चढतं, तसं. तिला उठता येईना. हाक मारता येईना. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि तिला वाटलं, येऊ नये. हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती रडली बरं का. मला भीती वाटली काका, म्हणाली, माझ्याच भावाची.

दार उघडंच होतं. दारात कुणीतरी उभं.

मग ते आत आलं. पाटावर बसलं. मांडी घालून. कंदिलाकडे पाठ, तोंड अंधारात. अंगातून पाणी गळत होतं. टप... टप...

तिला वाटलं, दुसराच कुणी असेल. त्या गावचा. मार्गारेटचा. कुणाचाही.

तेव्हा त्यानं हात उचलला. हळू. आणि डोक्यावर पालथा ठेवला.

"सुश्या..."



ती कशीबशी उठली. निरांजन लावलं. वर कंदील हलत होता, पण ज्योत हलली नाही. तिनं ओवाळलं. रांगोळी दिसली, गुडघे दिसले, भिजून पांढरी पडलेली बोटं दिसली. चेहऱ्यावर उजेड पडतच नव्हता. कुंकवाचं बोट पुढे केलं. बोटाला नुसता गारठा लागला.

"बोल ना काहीतरी. चिडव ना."

टप... टप...

आणि तिनं पाहिलं. डोक्यावरचा तो हात थरथरत होता. खांदे खाली आलेले. किती चालला असेल हा. दरवर्षी ती कंदील लावणार, दरवर्षी हा निघणार. तिला आईचा आवाज ऐकू आला. मी दमले गं वाट बघून. आई एकटीच दमली नव्हती.

"दमलास, नाही का रे?"

हात थरथरत राहिला. ती सांगेपर्यंत तो उतरणार नव्हता. लहानपणापासून तसाच. ताई म्हणेल तेव्हाच उठायचं.

ती खिडकीशी गेली. कंदिलाच्या आत हात घातला. जो शब्द आईनं कधी म्हणू दिला नव्हता, तो तिनं म्हटला.

"जा." पुन्हा म्हणाली, "सुशांत... जा आता."

दिवा बंद केला. निरांजनाची ज्योत तिच्यामागे आपोआप शांत झाली. अंधारात पावलं वाजली नाहीत, जिना वाजला नाही. फक्त ते गळणं थांबलं. ती तशीच उभी राहिली. मग फोनवर दोन वाजले.

सकाळी इसोबेल आली. तिनं उघडी झडप पाहिली. कोरडी रांगोळी पाहिली, एक रेघ मोडली नव्हती. मधला पाट ओलाचिंब. म्हातारी रागावली नाही.

"नाव घेतलंस?" तिनं विचारलं.

"घेतलं."

"मार्गारेटला नाही जमलं," इसोबेल म्हणाली. तिनं झडप लावली आणि बराच वेळ रुचाचा हात धरून बसली.

संध्याकाळी निघण्यापूर्वी रुचानं धक्क्यावर गाडी थांबवली आणि आईला फोन लावला. रत्नागिरीत उत्तररात्र होती, पण आईनं पहिल्या रिंगला उचलला.

"आई, चंद्र दिसतोय."

पलीकडून नुसता रडण्याचा आवाज येत होता. मेनचा समुद्र पूर्वेला, आणि बीजेची कोर दिसते मावळतीला, जमिनीच्या बाजूला. चंद्राला ओवाळायचं तर समुद्राकडे पाठ करावी लागते. रुचानं केली. गाडीच्या बॉनेटवर ताट ठेवलं, निरांजन लावलं. ओवाळण्यासाठी सुपारी उचलायला ताटात हात घातला.

ताटात सुपाऱ्या दोन होत्या. एक तिची. दुसरी काळी पडलेली, फुगलेली, ओली.

झालं. पुढे सगळं रीतसर झालं. रत्नागिरीला जाऊन दोघी मायलेकींनी सुशांतचं सगळं केलं. आता रुचा दर भाऊबीजेला चंद्रालाच ओवाळते, आणि कंदील कपाटात घडी घालून ठेवलेला असतो. ती सुपारी मात्र तिला कुठे सोडवली नाही. छोट्या स्टीलच्या डबीत ठेवलीय. मी पाहिली आहे. सिद्धेश पडला इंजिनिअर, त्यानं ती उन्हात ठेवून पाहिली, तांदळात पुरून पाहिली, ओव्हनमध्येसुद्धा ठेवली. बाहेर काढली की कोरडी खडखडीत. डबीत ठेवून सकाळी झाकण उघडलं, की तळाशी चमचाभर पाणी.

मी बोट बुडवून चाखलं. खारट आहे.