स्वच्छ बाजूचा बाक

वेंडेलची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझा डावा बूट त्याच्या हातात होता, आणि तो त्यात आपला पाय कोंबत होता.

"अहो, तो माझा आहे."

"तरीच! पाय सुजले असं वाटून मी नर्सबाईंकडे निघालो होतो."

त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. माझ्याही. आमच्या कारखान्यात प्रेमात पडायला सोयीची जागा एकच – पिवळ्या रेघेपलीकडचा, स्वच्छ बाजूचा बाक. रेघेच्या अलीकडे बेरिलियमची भुकटी. ती दाबून, तापवून अवकाश-दुर्बिणींच्या आरशांसाठी षटकोनी तबकड्या व्हायच्या. ॲल्युमिनियमहून हलक्या, पोलादाहून ताठ, कितीही थंडीत आकार न सोडणाऱ्या. इतके गुण मला ओहायोतल्या एकाही मुलात तोवर आढळले नव्हते.

भुकटीत खोट एकच. छातीत गेली तर काहीजणांना ती सोसत नाही. म्हणून शिफ्ट संपली की कपडे तिथेच टाकायचे, अंघोळ करायची, रेघ ओलांडायची आणि घरचे बूट घालायचे. बुटाचे बंद बांधायला वीस मिनिटं लागू शकतात, हे मला वेंडेल भेटल्यावर कळलं.

"मॅरिबेथ, तुला कोरड्या केसांत मी कधी पाहिलंच नाही," एकदा तो म्हणाला.

"कोरड्या केसांत मी भयंकर दिसते."

"मग शुक्रवारी मासे खायला येतेस? म्हणजे... खात्री करून घेता येईल."

शुक्रवारी सरोवराच्या वाऱ्यानं माझे कोरडे केस त्याच्या तळलेल्या माशांवर येत होते, आणि तो ते बाजूला करत होता... सावकाश, उगाचच सावकाश.

"भयंकर दिसतेस, ही अफवा होती," तो म्हणाला. आणि खोकला.

छोटासा, कोरडा खोकला. तो माझ्या ओळखीचा होता. पपांनी याच कारखान्यात बावीस वर्षं काढली, न्हाणीघरं बांधायच्या आधी. आता ते प्राणवायूच्या नळीला बांधलेले असतात, आणि जिने चढणाऱ्या माणसांबद्दल वाईट बोलतात.

"रक्ततपासणी झाली तुझी?"

"झाली ना. दोनदा."

रक्ताला भुकटी सोसत नाही असं पहिलीत दिसलं तरच दुसरी तपासणी करतात, हे आमच्या गावात शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं.

"वेंडेल..."

"फोटोत छाती साफ आहे अजून. अहवाल माझ्याकडेच असतो. मी सही केल्याशिवाय कंपनीला कळत नाही. सही केली की बदली, पेनसिल्व्हेनियात, कंपनीच्या तांब्याच्या गोदामात. तिथे म्हणे कुणी अंघोळसुद्धा करत नाही."

"येडा आहेस का? कर सही!"

"आणि बाक?"

मला त्याच्या गळ्यात पडायचं होतं. त्याऐवजी मी त्याला घरी नेलं आणि पपांच्या शेजारी बसवलं. पपा बेसबॉल बघत होते. वेंडेल खोकला, तसा त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

"पोरा... मीपण म्हटलं होतं... उन्हाळा संपू दे... मग बघू."

सोमवारी वेंडेलनं सही केली.

जायच्या दिवशी तो बाकावर बसून होता. आत जायची त्याला परवानगीच नव्हती.

"चल माझ्याबरोबर."

"नोकरी सोडली की विमा गेला. विमा गेला की पपांची नळी गेली." मी बुटाकडे बघत म्हणाले, "कंपनीनंच हलवलं, तर विमा राहतो. पपांना काय, नळीसकट कुठेही नेता येतं."

"कंपनी कुणाला हलवते, माहितीये ना? रक्त बिघडलेल्यांनाच."

"माहितीये."

"मग असलं काही मनात आणायचं नाही. मॅरिबेथ, माझं प्रेम आहे तुझ्यावर. म्हणून सांगतोय – ठणठणीत राहायचं. ऐकतेस?"

"माझंही आहे," मी म्हणाले. ऐकेन, असं मात्र म्हणाले नाही.

वर्षभर रविवारी फोन येत राहिले. मग महिन्यातून एखादा. मार्चमध्ये माझी तपासणी झाली. इंजेक्शनला घाबरणारी मी, त्या दिवशी बाही वर करून रांगेत पहिली उभी होते.

नर्स हूब्नरबाईंनी पाकीट दिलं. "अभिनंदन, पोरी! रक्त अगदी स्वच्छ."

मी त्यांचे आभार मानले आणि दाराबाहेरच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडले.

बाई मागोमाग आल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "होतं असं आनंदानं," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.