दीक्षाच्या खोलीतला गारवा

कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या होत्या, म्हणून सकाळची शाळा आटोपून मी बाजारात गेले होते. अकोल्यात एप्रिल लागला की आधी ताट्या, मग बाकीचा संसार. तोंडाला ओढणी गुंडाळून, नव्या ताट्या स्कूटीवर पायाशी उभ्या धरून मी भर दुपारी घरी पोचले. फाटकाची कडी इतकी तापली होती, की ती ओढणीच्या टोकानं धरावी लागली.

घरात मामाजी दिसले नाहीत. मामाजी म्हणजे माझे सासरे, जानराव. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. मागच्या उन्हाळ्यात त्यांना लू लागली होती आणि ते मरता मरता वाचले होते. यांना थंडाव्यात ठेवा, पुन्हा असं झालं तर हाती लागायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. त्यामुळे मी ताट्या दारातच टाकल्या. मोरी पाहिली, गच्ची पाहिली. मग दीक्षाच्या खोलीचं दार अर्धं उघडं दिसलं.

दीक्षा माझी नणंद. एका शाळेत खेळ शिकवायची आणि सुट्टी मिळाली की डोंगर गाठायची. विटांनी भरलेली सॅक पाठीवर घेऊन नरनाळा किल्ल्याचा चढ चढायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या लग्नाचं पाहा काहीतरी. गेल्या दिवाळीच्या आधी अमरावतीच्या एका ग्रुपबरोबर ती उत्तराखंडात शिखर चढायला गेली. शिखर तिनं केलंही. उतरताना वरच्या कॅम्पवर थंडीनं गेली. वादळ शमून हेलिकॉप्टर पोचलं, तोवर कॅम्पची जागाच बर्फाखाली गेली होती. देह तिथंच राहिला. आम्ही फोटो ठेवून पुण्यानुमोदन केलं, भन्तेजी आले, लोक जेवून गेले, आणि तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं ते घेतलंच.

आत मामाजी तिच्या पलंगावर गळ्यापर्यंत चादर ओढून घोरत होते. पंखा बंद होता. मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. खोलीत चक्क थंडी होती. माघाच्या पहाटे शेतात ओलित करणाऱ्याला वाजते तशी. आणि वास होता ओल्या लोकरीचा, त्यात मिसळलेला, सर्दी झाली की दीक्षा छातीला चोळायची त्या बामचा.

खरं म्हणजे मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण तसल्या उन्हातून आलेल्या माणसाला एवढं सुचत नाही. मी फरशीवर बसले, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून म्हणाले, "आहाहा."

त्या 'आहाहा'ची आज मला लाज वाटते.

दोन-चार दिवसांतच आम्ही सरावलो. मामाजींची भूक वाढली, झोप सुधारली. अनुपनं, माझ्या नवऱ्यानं, खिडकी तपासली, गच्चीवर जाऊन पाहिलं आणि शेवटी "सावलीची बाजू हाये" म्हणून मोकळा झाला. ती बाजू पश्चिमेची होती. दुपारनंतर तिथं भिंतीला हात लावता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण कोण कशाला बोलतं! गारवा हॉलपर्यंत यावा म्हणून मी दार सताड उघडलं आणि त्याला वीट लावून ठेवली. नव्या ताट्या तशाच कोपऱ्यात पडून राहिल्या.

मग शेजारच्या इंदूबाई आल्या. "मोठं गार हाये वं तुमच्या इथं," म्हणत त्यांनी दुपारची निवडणं-टिपणं आमच्याकडेच आणली. त्यांच्यामागून आणखी बायका आल्या. एका दुपारी कोणीतरी म्हणालं, "दीक्षानं हिमालय घरीच पाठोला जनू." सगळ्या हसल्या. मीही हसले. इतकंच काय, फ्रीजमध्ये मावत नव्हतं म्हणून खोलीतल्या तिच्या फोटोखाली मी टरबूज गार करायला ठेवलं होतं. ते त्या दिवशी कापून सगळ्यांना वाटलं.

मे लागला आणि लाईट जायला लागली. पंखे थांबले की दुपारी गल्ली अशी काही गप्प होते की भिंतीवरच्या पालीचंही ऐकू यावं. अशाच एका दुपारी मी त्या खोलीच्या उंबऱ्यालगत आडवी झाले होते. मामाजी हॉलमध्ये पेपर छातीवर घेऊन झोपले होते. बायका अजून यायच्या होत्या. आधी मला वाटलं, गच्चीवर चादर वाळत घातलीय, ती फडफडतेय. पण बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. फडफड खोलीतूनच येत होती. जाड कापड वाऱ्यानं ताणावं, सोडावं, पुन्हा ताणावं, तशी. मग एक बारीक आवाज. चेन ओढल्याचा. थोडी सरकायची आणि अडकायची. पुन्हा ओढायची, पुन्हा अडकायची…

"वैनी…"

मी डोळे उघडले.

"वैनी… दार लाव ना वं… लय थंडी हाये…"

आवाज तिचाच. सर्दीनं भरलेला, कंटाळलेला. रागाचा नाही. लहानपणापासून एकाच घरात वाढलेल्या माणसानं हक्कानं म्हणावं, तसा. मी उठले. विटेवर हातही ठेवला. वीट बर्फासारखी लागली. आणि मग मागं वळून मी मामाजींकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दार लावलं तर हॉलची भट्टी होईल, मग मामाजींचं काय? निदान मी स्वतःला तसं सांगितलं. पण खरं बोलायचं तर मलाही तिथंच पुन्हा आडवं व्हायचं होतं.

मी विटेवरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. पुढं पुढं मी मोबाईलवर गाणी लावून ठेवायला लागले.

असंच चालू असताना धम्मदीप आला. अमरावतीच्या त्या ग्रुपचा हा लीडर, दीक्षाला घेऊन गेलेला. ती गेल्यावर फोनवर बोलला होता, पण घरी यायचं त्याला झालं नव्हतं. रया गेलेला माणूस. "जय भीम, वैनी," म्हणाला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. मामाजी आत पलंगावर झोपले होते. मी पाणी आणलं, तोवर त्याची नजर विटेवर गेली होती.

"दार असं काहून ठेवलं?"

"गार लागते," मी म्हणाले. "खोली थंड हाये न."

त्यानं ग्लास न पिताच खाली ठेवला. मग खाली मान घालून, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलायला लागला.

"आमचा एक तंबू फाटला होता, वैनी. गाईड लोक खालच्या तंबूत, अन् आमी सारे एकाच तंबूत घुसलो. दीक्षा शेवटी आली. सगळ्यायले आत घेत घेत आली. म्हून तिले दाराशी जागा भेटली. दाराची चेन अडकली होती. बर्फ आत येऊन राहिला होता. तिची बोटं बधिर, तिले ते जमेना. ती म्हने, कोनी दार लावा ना…"

"मग?"

"स्लीपिंग बॅगीतून हात काढा लागत होता. हातमोजा काढा लागत होता. मले वाटलं, दुसरं कोनी उठन. सगळ्यायलेच तसं वाटलं." त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसतं तोंड फिरवलं. "लोकायले सांगतलं, झोपेत गेली. झोपलं कोनीच नव्हतं, वैनी. मी जागा होतो. ती बोलाची थांबली, तवा… तवा मले बरं वाटलं."

तेवढ्यात आतून फडफड ऐकू आली. फार नाही, एकदाच. धम्मदीप ताडकन उठला, दाराकडे पाहत मागं मागं सरकला आणि चपला हातात घेऊन त्या तापलेल्या अंगणातून अनवाणी निघून गेला.

मी त्याला कुठल्या तोंडानं बोल लावणार होते? तो एक रात्र उठला नाही. मी कित्येक दुपारी उठले नव्हते, आणि माझ्या हाताला तर हातमोजाही नव्हता. मला स्वतःचीच इतकी शिसारी आली की मोरीत जाऊन मी रडले.

मग लोखंडी पेटी उघडली. घरातल्या सगळ्या रजया, गोधड्या, अनुपचं लग्नातलं जाड ब्लँकेट, सगळं काढलं. मामाजींना उठवून हॉलमध्ये आणलं. दीक्षाच्या रिकाम्या पलंगावर एकावर एक सगळं पांघरलं, कडा नीट खोचल्या. फोटोखाली गार करायला ठेवलेला पाण्याचा माठ उचलला. "झोप बाई," मी म्हणाले. "चुकलं माह्यं." आणि वीट काढून दार घट्ट लावलं.

संध्याकाळपर्यंत हॉलची फरशी तापली. अनुपनं मुकाट्यानं कूलरला ताट्या बसवल्या. मामाजी तेवढे दाराकडे पाहत राहिले. "काहून लावलं?" मी म्हणाले, "तिले थंडी वाजते, मामाजी." त्यांनी मान हलवली. त्यांना नवल वाटलं नाही. नंतर पुटपुटले, "मी तर रोज तिचा हात धरूनच झोपत होतो."

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळपासूनच उजेड पांढरा पडला होता. दुपारी लाईट गेली, कूलर थांबला आणि तासाभरात मामाजी खुर्चीतून खाली घसरले. अंग कोरडं, चुलीवरच्या तव्यासारखं. डोळे वर गेलेले. तोंडातून नुसती बडबड. अनुप ड्युटीवर होता. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "निघालोच हाये," पण तो तासभर लांबच्या मूर्तिजापूरहून निघाला होता. मी ओल्या फडक्यानं अंग पुसत होते आणि फडकं अंगावरच सुकत होतं.

मी काय करणार होते, सांगा. मी दार उघडलं.

खोलीत गारवा नव्हता. आमच्या इतर खोल्यांसारखीच ती उकडत होती. पलंगावर रजयांचा ढीग होता, आणि तो ढीग वर-खाली होत होता. संथ. एकसारखा. खूप दिवसांनी गाढ झोप लागलेल्या माणसासारखा. बामचा वास येत होता. मी दारात उभी राहिले. इतक्या महिन्यांनंतर ऊब मिळून झोपली होती ती. तिला उठवू नये, हे मला कळत होतं.

"दीक्षा," मी म्हणाले. "ऊठ वं. मामाजीले पाह्य…"

श्वास थांबला. रजया सावकाश खाली बसल्या आणि पलंगाला सपाट टेकल्या. माझ्या पायांवरून गार काहीतरी गेलं. मी मागं वळले तेव्हा मामाजींचे ओठ हलायचे थांबले होते. ताप उतरला होता. त्यांचा उजवा हात फरशीपासून थोडा वर उचललेला होता आणि बोटं अशी वळलेली, की त्यांत कोणाचा तरी हात असावा.

मामाजी वाचले. हॉस्पिटलात उष्माघाताच्या वॉर्डात त्यांना ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्यांचा उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. नखांपाशी बोटं काळी पडली होती. "हात बर्फात ठेवला होता का?" त्यांनी विचारलं. "असं मी फक्त पुस्तकात पाहिलंय." दुपारपर्यंत काळेपणा दुसऱ्या पेरापर्यंत चढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असाच वर चढत राहिला तर बोटं जातील, मग हात, आणि मग मी काही सांगू शकत नाही.

मी मामाजींच्या कानाशी वाकले. "सोडा तिचा हात, मामाजी. पाया पडते तुमच्या…"

ते हसले. "सोडू कसा? मोठी थंड पडली पोरगी. गरम करून राहिलो."

वॉर्डात सगळे उन्हाचेच पेशंट होते. खाटा कमी, माणसं जास्त, वर गरगरणारे पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. चारच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, की शेजारच्या पेशंटांचे नातेवाईक आपापल्या चटया हळूहळू आमच्या खाटेकडे सरकवतायत. पातूरच्या जाईबाई म्हणून एक होत्या. त्यांचा नवरा भिंतीकडे खाली गादीवर पडला होता, अंगात ताप मावत नव्हता. त्या माझ्यापाशी येऊन उकिडव्या बसल्या.

"बाई, तुमच्या खाटेपाशी मोठं गार वाटून राहिलं. माह्या मालकाले इथं आनू का? थोडं सरकता?"

मी त्यांना सांगू शकले असते. सांगायलाच हवं होतं. पण माझ्या मनात आलं, की जितकी माणसं दीक्षाजवळ बसतील, तितकी तिची थंडी मामाजींच्या वाट्याला कमी येईल. हे असं, याच शब्दांत आलं. मी जाईबाईंकडे न बघता चटई ओढून घेतली आणि जागा करून दिली.

"आना ना," मी म्हणाले.

"सुखी राहा वं माय," जाईबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघाली.