दहा घे, दहा सोड

"माफ करा... पण ही खुर्ची माझी आहे."

मी वर पाहिलं. काखेत नकाशांची लांब गुंडाळी, आणि चेहरा असा, की स्वारी भांडायला आलीये की चहा विचारायला, तेच कळेना.

"यादी बघा," मी तोऱ्यात म्हणाले. "या आठवड्यात तुम्ही घरी."

"बघितली. अकरावं नाव माझंच आहे."

आणि यादी केलेली मीच! आमच्या नकाशांच्या ऑफिसात माणसं चाळीस, टेबलं वीस. म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता — यादीतले पहिले दहा घे, पुढचे दहा सोड, पुन्हा दहा घे, दहा सोड. घेतलेले ऑफिसात, सोडलेले घरून. पुढच्या आठवड्यात उलट. मी दहावी, तो अकरावा. टेबल एकच, पण आठवडे वेगळे. आमची भेट व्हायलाच नको होती.

पण दहावर थांबायचं तिथे माझा प्रोग्राम अकरावर थांबत होता. प्रत्येक गटापाठोपाठ पुढचा एकजण जादा उचलला जायचा, आणि असे तिघे दर आठवड्याला अडकले. दोघांनी त्याच दिवशी आरडाओरडा केला, तेव्हा मी त्यांची जादा नावं हातानेच खोडली. अकरावा मात्र काही बोलला नाही. स्टूल ओढून माझ्या टेबलाच्या कडेला बसला.

"नदी काढतोय. कोपर लागलं तर गावं बुडतील हं!"

"मग येता कशाला एवढ्या दाटीत?"

"आता ते... यादी करणाऱ्या बाईंना विचारा."

मी मान खाली घातली ती हसू लपवायला. दुरुस्ती एका आकड्याची, अर्ध्या मिनिटाची. रोज म्हणायचे, उद्या करू. भिजत घोंगडं ठेवण्यात मी आईच्या वळणावर गेलेय. माझ्या प्रत्येक आठवड्यात तोही यायचा, माझी पेन्सिल न विचारता घ्यायचा आणि छान टोक करून परत ठेवायचा. अहो-जाहोवरून आम्ही अरे-तुरेवर कधी आलो, कळलंच नाही. मला तो आवडत होता. फार आवडत होता.

असा एकत्र बसायचा आमचा सहावा आठवडा. तो नदी अर्धी सोडून नुसता बसून राहिला.

"काय झालं रे?"

"आई..." तो अडखळला. "तिला विसर पडतोय. डॉक्टर म्हणाले होते, जो समोर जास्त असेल तो जास्त दिवस लक्षात राहील. काल घरी गेलो, तर ताईला म्हणाली — बघ गं, दारात कोण आलंय."

"ही यादी चुकीची आहे," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मला माहीत होतं. तू येत राहावास म्हणून... मी सुधारली नाही."

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"मलाही माहीत होतं. त्या दोघांची नावं खोडलीस, माझं ठेवलंस... म्हणून तर येत राहिलो." मग हळूच म्हणाला, "पण हे सहा आठवडे तिचे होते गं."

मला रडू फुटलं. त्याने हात पुढे केला नाही, मीही केला नाही.

"आता दुरुस्त कर. माझ्यासमोर."

मी अकराचे दहा केले. अर्धं मिनिटही लागलं नाही.

आता टेबल एकच, आठवडे वेगळे. मध्यंतरी खणात त्याची चिठ्ठी होती. 'आईने विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, नकाशे काढतो. म्हणाली, अगंबाई, माझा मुलगाही तेच करतो!'

माझा आठवडा संपला की शुक्रवारी निघताना मी माझ्या पेन्सिलीचं टोक मोडून ती खणात ठेवते. एक आठवडा जातो. सोमवारी येऊन खण उघडते, तर तिला टोक केलेलं असतं.